एकवीस अक्षरं

आईच्या पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीतून ते बाहेर काढलं, तेव्हा आधी हाताला लागलं त्याचं झाकण. झाकण म्हणजे मॅटीच्या, भरतकामाच्या चौकडीदार कापडाचा, मापानं बेतलेला अंगरखाच. पांढरी मॅटी आता चहाच्या रंगाची झाली होती, पण कडेनं काढलेली निळी वेल जशीच्या तशी होती. एकही टाका उसवला नव्हता. आत ते होतं. काळं, पाटीएवढं, रबराच्या चाळीस बटणांचं. मी ते नाकाशी नेलं. डांबरगोळ्यांचा वास आला, जुन्या रबराचा आला, आणि त्यांच्या मागून फार लांबून तापलेल्या धुळीचा वास आला. डोळे मिटले असते तर बोपोडीच्या खोलीत पोचले असते. म्हणून मिटले नाहीत.

"मिळालं का थे?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"मिळालं."

"मंग वायरी बी घे. तिथीच निळ्या पिशवीत हायेत."

तीसहून जास्त वर्षं झाली, बोपोडी सुटली, बाबा गेले, ती एकटी या वाघोलीच्या फ्लॅटमध्ये आली, आणि तरी वायरी कुठल्या पिशवीत आहेत हे तिला ठाऊक होतं. माझ्या घरात मागच्या वर्षीच्या फोनचा चार्जर सापडत नाही.

हे सगळं बाहेर निघालं ते तन्मयमुळे. हिंजवडीला माझ्या हाताखाली काम करणारा हुशार मुलगा. तो आणि त्याच्यासारखी दहाबारा मंडळी दर महिन्याच्या एका रविवारी एरंडवण्यात एका छोट्या हॉलमध्ये जमतात आणि जुने घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करून चालू करतात. ही मशीनं बाजारातून गेली तेव्हा यांच्यातले बरेचसे जन्मलेही नव्हते. मी एकदा विचारलं, की बाबांनो, तुमच्या खिशात त्याच्या लाखपट मोठं मशीन आहे, मग हे कशाला? तन्मय म्हणाला, "मॅम, हे आपल्याला काही विकत नाही. पासवर्ड मागत नाही, टोकत नाही. ऑन केलं की फक्त वाट बघतं. इट्स सो फ्रेंडली." त्याला माहीत होतं की माझ्याकडे असं एक आहे. कंपनीत सगळ्यांनाच माहीत होतं. मीच सांगितलं होतं, अनेकदा, आणि दर वेळी थोडं अधिक रंगवून.

ते आमच्या घरी कसं आलं हे मला आजही नीट माहीत नाही. बाबा खडकीला कारखान्यात फिटर होते. एके संध्याकाळी सायकलच्या कॅरियरला बांधून त्यांनी एक खोका आणला. साहेबाची बदली झाली होती, एवढंच ते बोलले. नव्वदच्या आसपासचे दिवस होते. कोपऱ्यावर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ नुकताच लागला होता, गच्चीवरून गच्चीवर केबलच्या काळ्या तारा जात होत्या, आणि 'कॉम्प्युटर' हा शब्द क्लासच्या जाहिरातींमधून भिंतींवर चढत होता. पण तो कोणाच्या घरात नव्हता. आमच्या घरात होता, पत्र्याच्या छपराखाली, स्टोच्या शेजारी.

त्याला स्वतःचा पडदा नव्हता. आमच्या कृष्णधवल टीव्हीच्या मागे अँटेनाची वायर काढायची आणि त्याची खुपसायची. मग टीव्हीची गोल खुंटी हळूहळू फिरवत राहायचं, आणि मुंग्यांमधून एकदम स्वच्छ पांढरा पडदा उगवायचा. खाली कोपऱ्यात एक काळा ठिपका लुकलुकत राहायचा. बाकी काही नाही. पहिल्या दिवशी आम्ही तिघं त्या ठिपक्याकडे बघत बसलो. बाबा म्हणाले, "बिघडलं वाटते." आई म्हणाली, "नाही. आपण काय म्हणतो त्याची वाट पाहून राहिलं थे."

आई भंडाऱ्याकडची. सातवी शिकलेली. लग्नानंतर पुण्यात आली, पण बोली तिथलीच घेऊन आली. मले, तुले, काहून. स्वतःबद्दल 'मी येतो', 'मी करतो' म्हणायची, तिकडच्या बायका म्हणतात तसं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी एकदा घरी आल्या आणि आई म्हणाली, "बसा बाप्पा, मी चहा करतो." त्या तोंडावर हात ठेवून हसल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात तीन मुली एकमेकींना 'मी करतो, मी करतो' म्हणत होत्या. मीही हसले त्यांच्याबरोबर. इतरांपेक्षा मोठ्यानं हसले.

आणि तिचं नाव पंचफुला. त्या नावाची मला इतकी लाज वाटायची की शाळेत कोणी विचारलं तर मी पुष्पा सांगायची.

आईच्या हातात कायम मॅटी असायची. विकतची छापील नक्षी ती कधी घेत नसे. माझ्या गणिताची चौकडीची वही ओढायची, तिच्यात पेन्सिलीनं घरं भरायची, आणि मग तेवढीच घरं मॅटीवर मोजून फुल्या घालायची. आमच्या भिंतीवर तिनं भरलेली 'नमो बुद्धाय' अशी निळ्या रेशमाची फ्रेम होती. शेजारणी तिच्याकडून 'सुस्वागतम्' करून न्यायच्या. तुळशीबागेतून आणलेल्या लडी ती एका बिस्किटाच्या डब्यात ठेवायची. डबा उघडला की अजून खारी बिस्किटांचा वास यायचा आणि आतून निळा, जांभळा, मोरपंखी उजेड.

मशीनबरोबर एक इंग्रजी पुस्तक होतं. ते मी शब्दकोश घेऊन वाचायची. मराठी शाळेतली सातवीतली मुलगी, अर्धं कळायचं, अर्ध्यावर अंदाज. त्यात एक प्रकरण होतं, की मशीनला स्वतःची अक्षरं शिकवता येतात. आडवी आठ घरं, उभी आठ घरं. कुठलं घर काळं करायचं ते सांगायचं. अशी एकवीस अक्षरं शिकवता येतात, एकविसाच्या वर नाही. मी ते चित्र आईला नुसतं दाखवलं. दाखवायचं म्हणून दाखवलं.

ती पोळी लाटायची थांबली. "अवं, ही त मॅटी हाय," ती म्हणाली.

त्या रात्री नाही, पण त्या आठवड्यात आमच्या घरात मराठी अक्षरं आली. मशीनला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं, आईला मराठीशिवाय काही येत नव्हतं, त्यामुळे दोघांपैकी कोणीतरी शिकणं भाग होतं. ती वहीत अ काढायची, खोडायची, पुन्हा काढायची. आठ घरांत शिरोरेषा, काना, वेलांटी बसवायची म्हणजे कंबर मोडून उभं राहण्यासारखं होतं. ळ तर तिला महिनाभर छळत होता. प्रत्येक घराला एक किंमत, आणि ओळीतल्या भरलेल्या घरांच्या किमतींची बेरीज करून तो आकडा मशीनला द्यायचा. उजवीकडून एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस. ती ते ओव्यांच्या चालीवर म्हणायची. भांडी घासताना म्हणायची. दुपारी नळाच्या रांगेत उभी असताना तिचे ओठ हलत असायचे आणि शेजारणींना वाटायचं ही काही पाठ करते आहे, गाथा वगैरे.

मी बटणं दाबायची. माझं काम एवढंच होतं, हे इथं स्पष्ट लिहिते. पुस्तक वाचणं आणि ती सांगेल ते आकडे टाइप करणं. काय कशाच्या आधी, काय पुन्हा पुन्हा फिरवायचं, हे तिला नक्षीवरून कळायचं. "वेल कशी असते," ती म्हणायची, "एकदा फूल काढलं की तेच फूल सोळा वेळा. मंग त्याले सोळा वेळा कर म्हणावं. सोळा फुलं वेगळी काहून लिहितं?" कॉलेजात मला हीच गोष्ट एका प्राध्यापकांनी तीन तास घेऊन शिकवली.

चूक झाली की मशीन थांबायचं आणि खाली इंग्रजीत एक वाक्य आणि ओळीचा आकडा दाखवायचं. मी ओरडायची, "आई, चुकलं!" ती तव्यावरून नजर न काढता विचारायची, "कोणत्या ओळीत?" मी सांगायची, साठाव्या. ती म्हणायची, "मंग बाकीचं बरोबर हाय." आमच्या घरात ती म्हणच होऊन बसली. बाबा म्हणायचे, आज भाजीचं काहीतरी चुकलं. आई म्हणायची, कोणत्या ओळीत? बाबा म्हणायचे, मिठाच्या. आणि मग तिघं हसायचो.

मशीन बंद केलं की सगळं पुसलं जायचं. म्हणून प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरवर, साध्या गाण्याच्या कॅसेटवर उतरवून ठेवायचा. तो आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगता येणार नाही. बेडूक आणि कुकरची शिटी एकदम सुरू झाल्यासारखं काहीतरी. कॅसेटवर कुठं काय आहे हे कसं कळणार? तर टेपरेकॉर्डरच्या काउंटरवरचा आकडा बघून प्रत्येक प्रोग्रॅमच्या आधी तोंडानं बोलून ठेवायचं. थोडी जागा सोडायची आणि मग बेडूक. आमच्या कॅसेटवर ते आई बोलायची, कारण तिला ते आवडायचं. पदर सारखा करून, टेपरेकॉर्डरच्या जाळीजवळ तोंड नेऊन, ज्या आवाजात विहारात वंदना म्हणायची त्या आवाजात: "हे एकशेवीसवर हाय. पंचफुलानं बनवलं. लावतानी आवाज सातवर ठेवजो." सातच्या खाली गेलं की मशीनला ऐकू यायचं नाही, वर गेलं की गोंधळायचं. सात म्हणजे सात.

तो प्रोग्रॅम लावला की पडदा आधी रिकामा व्हायचा, मग कडेनं एक वेल चालू लागायची, टाका टाका करत चारी बाजूंनी फिरून यायची, आणि मधोमध एकेक अक्षर उमटायचं. नमो बुद्धाय. आमच्या टीव्हीवर, ज्याच्यावर बातम्या लागायच्या त्याच्यावर. पहिल्यांदा ते पूर्ण उमटलं तेव्हा बाबा उठून उभे राहिले होते आणि त्यांनी हात जोडले होते.

मग शाळांचं विज्ञान प्रदर्शन आलं. एका पेठेतल्या नामांकित शाळेत होतं, दगडी इमारत, गुळगुळीत जिना. आमच्या शाळेतून माझं नाव गेलं. मी आदल्या आठवड्यात ती कॅसेट काढली आणि ऐकली. आईचा आवाज. 'हाय'. 'ठेवजो'. 'पंचफुलानं'. त्या दगडी इमारतीत हे सगळ्यांना ऐकू येणार होतं.

आई नळावर गेली होती. मी 'नमो बुद्धाय' काढून तिथं 'सुस्वागतम्' घातलं. लागणारी अक्षरं होती, शेजारणींच्या ऑर्डरीसाठी तिनं करून ठेवलेली. प्रोग्रॅमची पहिली ओळ दहा नंबरची असते. तिथं बनवणाऱ्याचं नाव लिहून ठेवायची रीत होती, आणि आमची ती ओळ रिकामीच होती. मी तिथं इंग्रजीत माझं नाव लिहिलं आणि प्रोग्रॅम जुन्याच्या जागी पुन्हा कॅसेटवर उतरवला. मग टेपरेकॉर्डरची रेकॉर्डिंगची लाल कळ दाबली आणि आईच्या आवाजावर, शाळेत शिकलेल्या शुद्ध आवाजात बोलले: "सुस्वागतम्. निर्मिती," आणि माझं नाव. सगळं मिळून चहा उकळायला लागेल एवढा वेळ. मी ते का केलं याची कारणं देता येतील. देणार नाही. बारा वर्षांची होते, पण लाल कळ म्हणजे काय हे मला पक्कं माहीत होतं.

आई प्रदर्शनाला आली होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं, हातात डबा. ती माझ्या टेबलामागे भिंतीशी उभी होती. परीक्षक आले, धोतर, चष्मा, खिशात दोन पेनं. वेल फिरली, अक्षरं उमटली. त्यांनी वाकून बघितलं.

"हे तू स्वतः केलंस?"

"हो सर."

"घरी कोणी मदत केली? वडील?"

"नाही सर. वडील फिटर आहेत."

"आणि आई काय करतात?"

आई दोन हातांवर होती. मी वळून बघितलं नाही.

"काही नाही सर. घरीच असते."

मला पहिलं बक्षीस मिळालं. लाकडावर बसवलेली पितळी ढाल. बोपोडीपर्यंत बसमध्ये ती आईनं मांडीवर धरली, पदरानं पुसत. वाटेत ती मला एकच बोलली. "'स्व' बरा दिसला ना? मले वाटलं होतं दुरून अक्षर चिकटन."

ते 'घरीच असते' मग माझ्याबरोबर सगळीकडे आलं. इंजिनिअरिंगच्या मुलाखतीला आलं, पहिल्या नोकरीला आलं. 'बाराव्या वर्षी मी स्वतःची मराठी अक्षरं तयार केली' हे वाक्य मी इतक्या सफाईनं बोलायला शिकले की समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकायचा. कंपनीच्या अंकात ते माझ्या फोटोखाली छापून आलं. दर वेळी ती लाल कळ आठवायची, आणि दर वेळी मी पुढचं वाक्य बोलायची.

आणि ही माझी आई, जिला मी दर रविवारी भेटायला येते, तिच्या हातात मी दोन वर्षांपूर्वी नवा फोन दिला. ती त्याला घाबरते. दाबलं की काहीतरी उघडतं, मागे जायचं कुठून ते सापडत नाही, मग एक चौकट येते: 'काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.' "काय चुकलं थे सांगत नाही," ती म्हणते. "कोणत्या ओळीत थे बी सांगत नाही. अशानं माणूस शिकते का?" आणि मी, माझ्या तोंडाला कीड लागो, मी म्हणते, "दे इकडे. तुला नाही कळायचं." फोन तिच्या हातातून काढून घेते. ती हात मांडीवर ठेवून बसते आणि माझी बोटं बघत राहते.

तर त्या रविवारी मी मशीन घेऊन एरंडवण्याला गेले. आईही आली. "मी येतो," म्हणाली. प्रदर्शनाला नेसलेल्या लुगड्यासारखीच एक हिरवी साडी तिनं काढली होती. ती हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर बसली, पिशवी मांडीवर. पोरांनी टेपरेकॉर्डर उघडून रबरी पट्टा बदलला, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून स्पीकर जोडला. कॅसेट फिरली. खरखर. आणि मग बारा वर्षांची एक शुद्ध, स्वच्छ, चढा सूर लावलेली पोरगी हॉलभर बोलली: "सुस्वागतम्. निर्मिती," आणि माझं नाव.

हॉल हसला, टाळ्या पडल्या. टाळ्यांमध्येच बेडूक सुरू झाले. वेल चालायला लागली आणि पोरं गप्प झाली. सुस्वागतम् पूर्ण झालं तेव्हा एका मुलीनं खरोखर डोळे पुसले.

"मॅम, हे इनसेन आहे," तन्मय म्हणाला. "आठ बाय आठमध्ये देवनागरी! हे बारा वर्षांच्या मुलीनं केलं? तुम्ही एकटीनं?"

मी सत्तेचाळीस वर्षांची बाई. माझं काही अडत नव्हतं. नोकरी जाणार नव्हती, ढाल कोणी परत मागणार नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं.

"हो," मी म्हणाले. "म्हणजे, घरीच. असंच."

तन्मय मागे वळला. "आजी, तुम्हाला तेव्हा कळायचं का, ही काय करते ते?"

सगळे आईकडे बघायला लागले. तिनं माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. मग हसून मान हलवली. "मले काय समजते बाप्पा," ती म्हणाली. "मी त घरीच राहो."

ती मला झाकत होती. पेठेतल्या त्या दगडी इमारतीत मी जे बोलले होते तेच शब्द तिनं स्वतःहून उचलले आणि माझ्यावर पांघरूण घातलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण जमीन काही करत नाही. चहा आला, मी चहा प्यायले.

परतताना नगर रस्त्याला नेहमीसारखी गाड्यांची रांग होती. वाघोलीला पोचलो तशी ती म्हणाली, "लाव ना पुन्हा. तथी लोकांची डोस्की मधात येऊन राहिली होती."

मी तिच्या टीव्हीला मशीन जोडलं. मागे अँटेनाचं भोक अजून होतं. टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला, कॅसेट मागे फिरवली, आणि मशीनची वायर जोडायच्या आधी, जागा बरोबर आहे का बघायला नुसतीच लावून ऐकली. खरखर. माझा तो चढा आवाज. नाव. मग एक बारीक टक, लाल कळ सोडल्याचा. आणि मग त्या सोडलेल्या जागेत, टाळ्यांखाली जे दुपारी गाडलं गेलं होतं ते:

"...वाज सातवर ठेवजो."

माझा मजकूर तिच्यापेक्षा आखूड होता. तेवढं उरलं होतं.

आई पुढे सरकली. "हे कोण बोललं?"

"तू."

"मी? एवढा बारीक होता माहा आवाज?" ती हसली. "बरी बोलली की वं."

मी कॅसेट थांबवली. "आई," मी म्हणाले, "माझं चुकलं."

ती मशीनवरची धूळ पदरानं पुसत होती. वर न बघता तिनं विचारलं, "कोणत्या ओळीत?"

मला वाटलं ती गंमत करते आहे. ती गंमत करत नव्हती. पदर थांबला होता.

"दहाव्या," मी म्हणाले. "अगदी पहिल्याच. तिथं मी माझं नाव लिहिलं. आणि कॅसेटवरचं तुझं नाव पुसलं. आणि सरांना म्हणाले की तू काही करत नाहीस. आणि आज पुन्हा." डोळे पुसत बोलले. एकेक ओळ सांगितली, शाळेत पुष्पा सांगायची तेही सांगितलं. एवढी वर्षं मनात पाठ होतंच सगळं, कुठं अडखळले नाही.

आई ऐकत होती. मग म्हणाली, "दहावी ओळ मी तवाच वाचली होती."

"इंग्रजीत होती ती."

"तुहं नाव मले इंग्रजीत वाचता येते. तुह्या पुस्तकांवर असे ना. पाहून पाहून शिकली मी." तिनं हातातला पदर सोडला. "मले वाटलं, सांगशीन. आज नाही सांगितलं त उद्या. वाट पाहून राहिली होती."

ते मशीन ऑन केल्यावर वाट बघत बसतं म्हणून पोरं त्याचं कौतुक करतात.

तेवढ्यात फोन वाजला. तन्मयचा मेसेज: मॅम, तुमचा प्रोग्रॅम आम्ही सगळ्यांसाठी ग्रुपच्या साइटवर टाकतोय, नाव फुल लिहू की फक्त इनिशियल्स? मी आईच्या समोर बसूनच उत्तर लिहिलं. हा माझा प्रोग्रॅम नाही, माझ्या आईचा आहे. अक्षरं तिनं केली, वेल तिनं केली, मी फक्त टाइप केलं. आज मी तुम्हा सगळ्यांसमोर खोटं बोलले, तेही सगळ्यांना सांग. नाव पंचफुला. पाठवलं. पलीकडे बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं आणि मग काहीच आलं नाही. उद्या हिंजवडीला त्याच्याकडे बघावं लागेल.

"मंग आता रडून काय करतं?" आई म्हणाली. "दहा नंबर पुन्हा लिही. पुन्हा लिहिलं की जुनी ओळ आपोआप जाते. विसरली का?"

विसरले नव्हते. मशीनमध्ये जाते. मी वायर जोडली, आवाज सातवर ठेवला, प्रोग्रॅम मशीनमध्ये उतरवला. रबराची बटणं आता घट्ट झाली होती. दहा लिहिलं. तिचं नाव इंग्रजीत नाही लिहायचं, तिच्याच अक्षरांत लिहायचं, असं ठरवलं. प होता, अनुस्वार होता, च होता. आणि तिथं थांबले. एकवीस अक्षरं एकेक करून तपासली. सुस्वागतम्‌ला लागणारी होती, माझ्या नावाला लागणारी सगळी होती, तो छळवादी ळसुद्धा होता.

"आई, यात फ नाही."

"नसनच," ती सहज म्हणाली. "मी केलाच नाही. एकवीसच त करता येत होती. फ कोणाले लागनार होता?"

मी एक अक्षर काढलं. माझ्या नावातलं होतं. सुस्वागतम्‌मध्ये ते लागत नव्हतं. जागा झाली.

तिनं चष्मा मागितला, पेन्सिल मागितली. चौकडीची वही घरात नव्हती, म्हणून एका कॅलेंडरच्या पाठीवर मी पट्टीनं घरं आखून दिली, आडवी आठ, उभी आठ. ती वाकली. आधी शिरोरेषा भरली, मग दंड. फ-चा तो उजवीकडचा वळसा आठ घरांत बसत नव्हता, आणि खाली उकार आहेच. तिनं खोडलं, पुन्हा काढलं. ओठ हलायला लागले. एक, दोन, चार, आठ.

"नुसती पाहू नोको," ती म्हणाली. "मी घरं भरतो, तू मोज."

मी मोजू लागले.